बिनपायाचं घर

नजीरानं घर वाजवून बघितलं.

कोल्हापुरातल्या प्रदर्शनात त्या साली तीन तयार घरं मांडली होती. कारखान्यात केलेली, सुटे भाग आणून नट-बोल्टांनी जोडलेली. लोक एका दारानं आत शिरत, छताकडं बघत आणि हसत बाहेर पडत. नजीरा मात्र भिंतीपाशी थांबे, बोटाच्या पेरानं टकटक वाजवी आणि कान लावी. घराणं बांगड्या भरणाऱ्यांचं, मणेराचं. चिरकी बांगडी डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. चांगली असली की किणकिणते, चिरलेली असली की बद्द बोलते. नवरा वारल्यापासून तिच्या स्वतःच्या हातात बांगडी नव्हती, म्हणून पेरानं वाजवत होती इतकंच.

"बाई, वाजवताय काय?" पँटवाला विक्रेता पुढं आला. "हे घर आहे."

"घर हाय म्हनूनच वाजवतोय. मडकं घेताना वाजवतो, आन् घर तसंच घ्यायचं व्हय?"

पहिलं घर टिनाचं. "ह्यात उन्हाळ्यात भाकरी तव्याबिगर भाजंल," म्हणून तिनं ते सोडलं. दुसरं लाकडाच्या भुशाच्या फळ्यांचं. "ह्यात वाळवी पावणी म्हनून यील आन् मालकीन हून बसंल." तिसरं सिमेंटच्या पत्र्याचं, लोखंडी पट्ट्यांत बसवलेलं. ते भरीव बोललं. ती आत शिरली, बाहेर आली, परत आत शिरली.

"उंबरा कुठाय?"

"उंबऱ्याची गरज नाही, बाई. नवीन पद्धत आहे."

"आन् भुई?"

"भुई तुमची तुम्ही करायची. आम्ही भिंती देतो, छप्पर देतो, एक दार, दोन खिडक्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, ह्याला पाया लागत नाही."

नजीराचा हात पत्र्यावर होता तिथंच राहिला.

"काय म्हनालासा?"

"पाया लागत नाही. कुठंही उभं करा."

"पुन्यांदा सांगा."

त्यानं पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं, बाईला ऐकू कमी येतं. पण ते एवढं एकच वाक्य ऐकायला नजीरा बिद्रीच्या अलीकडच्या आपल्या गावाहून कोल्हापूरला आली होती.

गावाबाहेर रस्त्याकडेला तिच्या बापाची जमीन होती. बाप गेल्यावर तिनं तलाठ्यापुढं अंगठा उठवून आपला वाटा भावाच्या नावावर सोडला. कुणी जबरदस्ती केली नाही. "भावाकडनं वाटा काढून घेतलेल्या भनीला ईदला कोन बोलवतंय?" असं तीच म्हणाली होती. भाऊ फक्रुद्दीन तिच्यापेक्षा धाकटा, तिच्या कडेवर वाढलेला. सारं गाव त्याला फक्रुद्दीन म्हणे, ती फकरू म्हणे. मग मलकापुरात तिचा नवरा वारला, भाड्याची खोली मालकानं परत मागितली, आणि नजीरा बांगड्यांची टोपली घेऊन माहेराला आली.

फकरू मनापासून हरखला होता, यात खोटं काही नाही. स्टँडवर येऊन त्यानं टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. घरी रशिदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कोंबडी कापून रस्सा केला. हात धुऊन झाल्यावर फकरू काडीनं जमिनीवर रेघा ओढत बसला.

"आपा, आता मलकापूर बास. विहिरीजवळ जागा हाय, तितं घर घाल. तुझीच जागा हाय."

नजीराचे डोळे भरून आले.

"फकस्त एक कर. पाया काढू नगंस."

"का रं?"

तो रेघा पुसू लागला. उत्तर आतून आलं, भांडी घासता घासता.

"पाया काढला की नाव लागतंय, आपा. खालच्या आळीला न्हाय का, एका म्हाताऱ्याला खोपाट घालू दिलं. त्यानं गुपचूप पाया काढला. आता त्याची पोरं मालकालाच आत येऊ देत न्हाईत."

"मग घर कशावर हुभं करू, रशिदा? तुझ्या नवऱ्याच्या जबानीवर?"

"घ्या! आपाची मस्करी!" रशिदा हसली. फकरूही हसला. शेवटी नजीराही हसली.

म्हणून ते घर. पदरात जे सोनं उरलं होतं, ते त्यात गेलं.

घर एका ट्रकमधून आलं, पापडांच्या चळतीसारखं रचून. बरोबर बाबालाल फिटर होता. सांज व्हायच्या आत त्यानं ते उभं केलं. बघायला निम्मं गाव गोळा झालं. शेजारची बायडाबाई कमरेवर हात ठेवून घराला एक प्रदक्षिणा घालून आली.

"नजीरा, वाऱ्यानं उडालं म्हंजे?"

"वारा तुज्या दाराकडनंच येतोय, तवा हाळी मार मला."

"आन् चाकं कवा बसवनार?"

जाताना बाबालालनं एक पाना तिच्या हातात ठेवला. "ह्यो जपा, आपा. ह्याच्याबिगर घर हलत न्हाय."

तो फिटरच्या भाषेत बोलला. नजीरानं ते कुलपाच्या भाषेत ऐकलं. तिला वाटलं, ही ह्या घराची किल्ली, एका घराला एकच. तिनं पाना दोरीत ओवून कमरेला बांधला. बांगड्या भरायला मांडी घालून बसली की तो जमिनीवर खण्ण करी, आणि बायका विचारत, "हे काय गं?" ती म्हणे, "माझं घर." बायका हसत, ती हसण्यावारी नेत नसे.

विक्रेत्यानं सांगितलं तेच खरं होतं. भिंती आल्या, छप्पर आलं, भुई तिची तिलाच करावी लागली. तिनं काळी माती काढली, मुरूम भरला, पाणी मारलं, आणि लाकडी चोपण्यानं पंधरवडाभर चोपत राहिली. धप, धप, धप. बायडाबाई म्हणायची, "नजीरा, भुई चोपतीस का कुनाला बडवतीस?" मग शेणानं सारवली. भुई अशी झाली की अनवाणी पाय ठेवला की सोडवत नसे. चूल मांडली, चुलीशेजारी पाण्याचा डेरा ठेवला. उंबरा नव्हता, तर तिनं दारात एक आडवा दगड नुसता ठेवला. पुरला नाही. पुरणं म्हणजे पाया.

दोन वर्षं नीट गेली. मग विहिरीवर इंजिन आलं.

"आपा," फकरू दारात उभा राहून म्हणाला. दगडाच्या आत यायचा नाही, तेवढा मान ठेवायचा. "इंजनाला खोली बांधायची हाय. जरा सरकायला लागंल."

"कुनाला? मला का घराला?"

"घराला गं. मोकळं घर हाय, त्याला काय लागतंय? बोल्ट काडायचं आन् पलीकडं लावायचं. आपन घर घेतलं त्ये किती झाक घेतलं बघ! दगडमातीचं असतं तर पाडायला लागलं असतं."

हे ऐकून नजीराला त्या दिवशी थोडा अभिमानच वाटला. निवड तिची होती. तिनं कमरेचा पाना सोडला, आपल्या हातानं बोल्ट काढले, गड्यांना पत्रे कसे धरायचे ते दाखवलं. घर बांधावरच्या आंब्याखाली उभं राहिलं. भिंती गेल्या, छप्पर गेलं. विहिरीजवळ उरली ती भुई. उघड्यावर पडलेली, गुळगुळीत चौकोनी भुई, मधोमध चुलीचा काळा डाग. फकरूनं त्यातल्या निम्म्यावर इंजिनाची खोली बांधली. निम्म्यात ऊस लावला.

आंब्याखाली तिनं पुन्हा मुरूम भरला, पुन्हा चोपणं घेतलं. धप, धप. दंड दुखायला लागले होते, पण भुई तशीच झाली.

मग कारखान्याला ऊस न्यायला गाड्यांची वाट हवी झाली. आंबा वाटेत नव्हता, घर होतं.

"आपा, जरा..."

"सरकवायचं. म्हाईत हाय. ह्याखेपी कुठं?"

"वड्याच्या कडंला. गार जागा हाय. पानी जवळ."

"पानी इतकं जवळ की पावसात माझ्या चुलीत मासं धरशील."

"आपा, तुमी बी ना!" रशिदा मागून म्हणाली. "उठसूट टोमनं. आमी काय तुमाला जा म्हनतोय व्हय?"

तेच तर होतं. त्यांनी तिला कधीच जा म्हटलं नाही. ईदला शीरखुर्मा तिच्या घरी आधी यायचा. ताप आला तर रशिदा उशाशी बसायची. फक्त घर तेवढं सरकत होतं, आणि दर खेपेला मागं एक भुई राहत होती. विहिरीजवळच्या भुईवर ऊस डोक्याच्या वर गेला तेव्हा नजीरा तिथं जाऊन उभी राहिली. बायडाबाई पाणी भरत होती.

"काय बगतीस गं?"

"माझ्या चुलीवर ऊस उगवलाय. चांगला आलाय, न्हाय?"

ओढ्याकाठची भुई कधी सुकलीच नाही. चोपावं तितकी ओल वर यायची. सारवण उकलायचं, दगडाखाली बेडूक बसायचे. पण तिथं ती जास्त राहिली, आणि वयही तिथंच झालं. तिनं ठरवून टाकलं, आता इथनं कोण हलवणार? ओढ्याकाठी ना इंजिन येतं, ना गाडीवाट.

आला तो बंगला. फकरूच्या थोरल्या पोराचं लग्न ठरत आलं आणि बापानं रानात स्लॅबचं घर काढलं. नेमकं ओढ्याच्या वरच्या अंगाला. आता पोरीकडचे पावणे बघायला येणार, आणि दारापुढं सिमेंटचा काळवंडलेला पत्रा.

"आपा, रस्त्याच्या कडंला जागा हाय बघ," फकरू म्हणाला. "एस्टी दारात. तुला बाजाराला जायला सोपं."

"ती आपली न्हाय, फकरू. ती सरकारची."

"सरकार काय म्हनत न्हाय."

"म्हंजे आता तुझ्या जागेतनं बी मला सरकवलंस."

तो खाली बघत निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नजीरानं चुलीतली राख सुपात घेतली, घराच्या चारी अंगांनी रेघा ओढल्या आणि कुदळ घेतली.

पहिली बाजू गुडघाभर झाली तेव्हा रशिदा धावत आली.

"आपा! ह्ये काय चालवलंय?"

"दिसत न्हाय? पाया काडतोय."

"कुनाला ईचारून?"

"भुईला. तीन डाव चोपलीया मी तिला, वळखती ती मला."

"कबर खनल्यागत खनतायसा की!"

"कबरीला तरी न्हाय म्हननार न्हाईसा न्हवं? मग ही तिची आगाऊ समज."

रशिदानं तोंडावर पदर धरला आणि बंगल्याकडं पळाली. बांधावर माणसं जमली. बायडाबाई पुढं. नजीरा दुसऱ्या बाजूला लागली. तिला ठाऊक होतं की आता फकरू येईल, आणि आज काय ते ठरेल. एक तर इथं तिचं घर जमिनीत रुतेल, नाहीतर भाऊ तिला सगळ्यांसमोर हाताला धरून बाहेर काढेल. तिसरं काही असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

फकरू आला. चरात उभ्या असलेल्या बहिणीकडं बघत राहिला.

"आपा, लोकं काय म्हनत्याल?"

"म्हनत्याल, नजीरानं पाया काडला. तेवढंच म्हनाय पायजेल मला."

त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. चरात उतरला. तिच्या हातातल्या कुदळीला हात घातला तेव्हा नजीराची बोटं दांड्यावर घट्ट झाली.

"सोड," तो हळू म्हणाला. "तुझं हात फुटल्यात."

आणि तो खणू लागला. उरलेल्या बाजू त्यानं खणल्या, सरळ, ओळंब्यात, तिच्यापेक्षा खोल. भर उन्हात. नजीरा काठावर बसून त्याच्या पाठीवरचा घाम बघत होती. लहानपणी ताप आला की हीच पाठ ती पुसायची. तिनं पदरानं पुसली. त्यानं वर बघितलं नाही.

"दगूड मी आनतो," चर पुरा झाल्यावर तो म्हणाला. "गवंडी माझा हायच. लगीनसराई हाय, तू मलकापूरला जाऊन ये. दोन बाजार कर. येशील तवर काम झालं असंल."

नजीरा मलकापूरला गेली. त्या दोन बाजारांत तिनं ज्या बांगड्या भरल्या, त्यातली एकही पिचली नाही असं ती नंतर सांगे. तिकडच्या आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना तिनं हसत हसत सांगितलं, "आता उंबरा पुरनार हाय मी. दगूड न्हवं, उंबरा."

येताना कोल्हापूरला गाडी बदलली. बिद्रीच्या रस्त्यानं एस्टी निघाली. गाव जवळ आलं तशी ती टोपली सावरून उठली, तर कंडक्टरनं आधीच बेल मारली.

"उतरा मावशी. एकदम दारात सोडलंय तुमाला."

समोर तिचं घर होतं. रस्त्याच्या कडेला, सरकारी गटारीपलीकडं. दार रस्त्याकडं.

ती आत गेली. चूल तिच्या चुलीसारखीच मांडलेली. डेरा उजव्या अंगाला. पिठाचा डबा, मिठाचं मडकं, भिंतीला लटकवलेलं सूप, जिथल्या तिथं. भुई सारवलेली. शेणाचा ओला वास अजून होता. दारात आडवा दगडही आणून ठेवलेला.

रशिदा मागून आली. घामाघूम झाली होती, आणि खूश होती.

"बघा आपा, एक पातेलं हललं न्हाय. मी सोता सारवलंय."

नजीराचा हात कमरेकडं गेला. पाना तिथंच होता.

"कशानं उघडलं?"

तेवढ्यात फकरू आला होता. त्याच्या खिशातून पान्याचं टोक बाहेर दिसत होतं. तिनं बोट दाखवलं तसा त्यानं काढून दिला. तसाच. तोच आकार, तेच तोंड.

"इंजनाचा हाय, आपा. सगळीकडं ह्योच लागतोय. बाजारात ढिगानं मिळत्यात."

तिनं दोन्ही पाने एकावर एक ठेवले. बरोबर बसले. इतकी वर्षं ती जे घराची किल्ली म्हणून कमरेला मिरवत होती, ते प्रत्येक उसवाल्याच्या इंजिनाशेजारी तेलात पडलेलं होतं.

"आन् पाया?"

रशिदानंच सांगितलं.

"गोठ्याला घेतला. चर आयता हुता, दगूड बी आलं हुतं. म्हसरं किती दिस उघड्यावर हुती, आपा."

"आन् मी?"

"तुमाला हाय की घर."

फकरू तेव्हा रडला. खरंच रडला. "आपा, पोराच्या सोयरिकीचा प्रश्न हुता. तुला मी कवा जा म्हनलंय का? सांग, म्हनलंय का?"

"न्हाय," नजीरा म्हणाली. "कवाच न्हाय. चा ठेव, रशिदा. भाऊ दमलाय माझा."

त्या जागी मात्र तिनं चोपणं हातात घेतलं नाही. रशिदानं सारवलेली भुई उकलली, पोपडे धरले, पावसात चिखल झाला. तिनं उकलू दिली. दारातच एस्टी थांबायची, कारण कुणीतरी पहिल्यांदा तिथं हात केला आणि मग सगळेच करू लागले. कंडक्टर खिडकीतून ओरडायचे, "नजीराचं घर! नजीराचं घर कोन?" आसपासच्या वस्त्यांची माणसं तिथं उतरू लागली. फकरूच्या बंगल्याला जायचं असलं तरी तिकीट मागताना लोक म्हणत, "नजीराचं घर द्या."

काही वर्षांनी रस्ता रुंद झाला. सरकारचे लोक फिती घेऊन आले. जागा सरकारची, तेव्हा बोलायला काही नव्हतंच. नजीरानं स्वतःच बोल्ट काढले. गंजले होते, दोन तुटले. पत्रे रचून झाल्यावर फकरू केस पिकलेल्या डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आपा, पत्रं वाया कशाला घालवायचं? गोठ्यावर टाकूया? गळतोय."

"टाक."

"आन् तू आमच्याकडं चल. न्हाईतर गोठ्याच्या कडंला खोली पाडून देतो. पक्की. पाया हायच तितं."

नजीरा हसली. बांधावर उभी असलेली बायडाबाई नंतर सांगायची की ती हसली तेव्हा अंगावर काटा आला.

"म्हसरास्नी ईचार आदी. त्यास्नी मी चालतोय का बघ."

ती कोल्हापूरजवळ कळंब्याला गेली. तिथं एका तांबोळ्याच्या माडीखाली खोलीची निम्मी बाजू भाड्यानं घेतली, आणि बिद्रीच्या रस्त्यावरची गावं बांगड्यांसाठी धरली. ईदला फकरूच्या घरून बोलावणं यायचं. शीरखुर्म्याचा डबाही कुणाबरोबर तरी यायचा. ती डबा धुऊन परत पाठवायची, आत थोडी साखर घालून.

एका बाजाराला ती खिडकीशी बसून बिद्रीला निघाली होती. टोपली मांडीवर. कंडक्टर नवा होता, तिला ओळखत नव्हता. डावीकडं बंगला आला, बंगल्याच्या खाली गोठा आला. खाली तिचा पाया, वर तिचा पत्रा, मधे म्हशी रवंथ करत बसलेल्या. रस्त्याकडेला नुसती गटार आणि खडी.

"नजीराचं घर!" कंडक्टर ओरडला. "नजीराचं घर कोन हाय का उतरनार?"

गाडीत कुणी हललं नाही. नाव लागतं म्हणून ज्या जमिनीत तिला वीतभर पाया घालू दिला नव्हता, त्या जमिनीपुढं रोज दहादा तिचं नाव पुकारलं जात होतं.

कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं. "मावशी, तुमी?"

"न्हाय बाबा," नजीरा म्हणाली. "हितं कुनी न्हाय. मार बेल."